नंदीबैलाची साक्ष

खोटं बोलू नये, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं असतं. पण खोटं डोलू नये, असं कुणी सांगितल्याचं तुम्हांला आठवतं का? मला तरी आठवत नाही. समजलेलं नसताना मान डोलावणं हे पापात मोडतं की पुण्यात, याचा निवाडा माझ्या वाचनात कुठे आलेला नाही.

गाण्याच्या मैफलीत समेच्या अंमळ आधी किंवा अंमळ नंतर मान हलवणारे रसिक आपण पाहतोच. त्यांच्या डोलण्याने गवयाचं काही बिघडत नाही. उलट त्याला हुरूप येतो. दारात नंदीबैल येतो. मालक त्याला विचारतो, ‘औंदा पाऊस पडंल का?’ गुबुगुबु ढोलकं वाजतं, बैल मान हलवतो आणि आपण सुपातून धान्य घालतो. पुढे पाऊस पडला नाही म्हणून कुणी बैलावर फिर्याद केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा डोलणं ही एकंदरीत निरुपद्रवी गोष्ट आहे, असं माझं मत होतं. गणित विभागाच्या सेमिनारांना जाऊ लागल्यापासून ते मत डळमळीत झालं.

मराठीचा प्राध्यापक गणिताच्या सेमिनारला काय करतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या विद्यापीठात हे दोन विभाग एकाच जिन्यावर होते. दर गुरुवारी चार वाजता गणितवाल्यांचा सेमिनार असे आणि पावणेचारला चहा असे. चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं, आणि पाहुणा परगावचा असेल तर बटाटेवडा. चहा पिऊन लगेच उठणं माणुसकीला धरून नाही, म्हणून मी आत जाऊन बसू लागलो आणि निवृत्त होईपर्यंत बसत राहिलो. माझी तिथली अवस्था मोठ्या सुखाची होती. मला काही समजत असेल अशी कुणाची कल्पनाच नव्हती. त्यामुळे डोलण्याची सक्ती त्या खोलीत फक्त मला नव्हती. मग रिकामपणी मी फळ्याऐवजी माना पाहू लागलो.

गणिताच्या व्याख्यानाची एक ठरलेली चाल असते. पहिल्या दहा मिनिटांतलं सगळ्यांना कळतं. पुढच्या पंधरा मिनिटांतलं त्या विषयातल्या चार माणसांना कळतं. त्यापुढचं एकट्या वक्त्याला कळतं, आणि शेवटच्या दहा मिनिटांतलं त्यालाही कळत नाही, अशी गणितवाल्यांमधलीच एक जुनी थट्टा आहे. मानांची चाल मात्र बरोबर याच्या उलट! सुरुवातीला, जेव्हा समजत असतं तेव्हा, माना स्थिर असतात. समजणं जसजसं आटत जातं तसतसं डोलणं वाढत जातं.

यातही प्रकार आहेत. काही जण शेजाऱ्याची मान हलल्यावर अर्ध्या सेकंदाने आपली हलवतात. काही डोळे मिटून संथपणे डोलतात. ते चिंतन करताहेत की झोपलेत, हे त्यांनाही सांगता येणार नाही. काही जण मानेबरोबर ‘हं’ असा आवाज काढतात. असं एक डोलणं दोन डोलण्यांच्या मोलाचं धरतात. विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ तिसऱ्या मिनिटाला झोपत आणि टाळ्यांनी जागे होऊन विचारत, ‘हेच दोन मितींत काय होतं?’ हा प्रश्न कुठल्याही व्याख्यानाला चालतो. आणि वक्ते? तेही कमी नाहीत. फळ्यावर एक पायरी लिहून ‘हे तर उघडच आहे’ म्हणत ते डस्टर फिरवतात. एवढ्या वर्षांत मी एक शिकलो. ‘उघड आहे’ असं जिथे म्हणतात, तिथे काहीतरी झाकलेलं असतं.

गणितातल्या माझ्या एका मित्रांना मी एकदा म्हटलं, ‘‘अहो, तुम्ही तर सत्याचे पुजारी. मग समजलं नाही तर तसं म्हणत का नाही?’’

‘‘पाहुणा रात्रभर रेल्वेत बसून आलेला असतो हो,’’ ते म्हणाले. ‘‘त्याचा मान ठेवायला नको? आणि विद्यार्थी असला तर आधीच त्याचे पाय लटपटत असतात. वर आपण अडवायचं?’’

‘‘पण चूक असली तर?’’

‘‘चूक काय, निघेलच कधीतरी. सिद्धता ही सिद्धता असते.’’

इथे मला शंका येते. सिद्धता ही सिद्धता असते हे कबूल. पण ती सिद्धता आहे हे ठरवतं कोण? माणसंच ना? नव्या प्रमेयाला पावसाची वाट पाहता येत नाही, की पूल बांधून तो पडतो का हे बघता येत नाही. चार जाणत्यांनी पायरी-पायरी तपासून ‘बरोबर’ म्हणायचं, हीच तिथली परीक्षा. म्हणजे सेमिनारमधली मान ही मैफलीतली मान नव्हे. ती खरेदीखतावरची साक्षीदाराची सही आहे. न वाचता केलेल्या सहीला आपण सौजन्य म्हणत नाही.

सगळी खोली मनापासून डोलू शकली अशी व्याख्यानंही झालेली आहेत. त्यातलं एक प्रसिद्ध आहे. दोनचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला तर येणारी संख्या मूळ आहे, असं मर्सेन नावाचे फ्रेंच पाद्री १६४४ साली लिहून गेले होते. ती मूळ नाही हे ल्युकास यांनी १८७६ साली दाखवलं, पण तिचे अवयव कुणाला सापडेनात. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणित सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले. गोष्ट अशी सांगतात, की त्यांनी एक अक्षर न बोलता एका बाजूला त्या संख्येची किंमत काढली, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा हातांनी गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत खोटं काही नव्हतं, कारण गुणाकार सर्वांनाच येतो. पण दर गुरुवारी गुणाकार कुठून आणणार?

आमच्या जिन्यावर घडलेली एक हकिगत सांगतो. प्रबंध सादर करण्याआधी विद्यार्थ्याने आपलं काम विभागापुढे मांडायचं असतं. एका मुलाची ती पाळी होती. चार वर्षांची मेहनत. नवा इस्त्रीचा शर्ट. बाहेर त्याचे वडील गावाहून आलेले, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. मुलगा छान बोलत होता. तीसएक माना डोलत होत्या, त्यांत त्याच्या गाईडची मानही होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एम.एस्सी.ची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘दादा, तिसऱ्या लेमामधली दुसरी ओळ मला समजली नाही.’’

मुलगा हसून म्हणाला, ‘‘ते उघडच आहे.’’ मग फळ्याकडे वळला. खडू टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. पंखा तेवढा वाजत होता. दहा मिनिटांनी तो म्हणाला, ‘‘हे सगळ्या बाबतींत खरं नसावं.’’

सेमिनार तिथेच संपला. पेढे परत गेले. आणि गंमत अशी, की विभागाचा राग त्या मुलीवर! ‘बिचाऱ्याच्या बापासमोर फजिती केली,’ ‘आजकालच्या पोरांना पाचपोच नाही,’ असं जिन्यावर चाललं होतं. त्या चुकीवर कुणीच रागावलेलं नव्हतं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. दयाळू कोण, त्या तीस माना की ती मुलगी? प्रश्न ऐकताना क्रूर वाटला, हे खरं. पण तो विचारला गेला नसता तर तो लेमा प्रबंधात गेला असता, परीक्षकापर्यंत गेला असता, कदाचित छापून आला असता; आणि पुढे कधीतरी परक्या गावात, अनोळखी लोकांसमोर कोसळला असता. त्या दिवशी तो घरात कोसळला. मुलाने पुढचे सात महिने बसून ती ओळ दुरुस्त केली. प्रमेय थोडं लहान झालं, ‘सर्व’च्या जागी ‘काही’ आलं. पण जे उरलं ते उभं राहिलं. तीस जणांची दया त्याला त्या दुपारपुरती होती. मुलीच्या प्रश्नाने त्याचा जन्माचा उपयोग झाला.

दुसरंही एक आहे. डोलणाऱ्या मानेचा सगळ्यांत मोठा तोटा वक्त्याला होत नाही, तो शेजारच्या पोराला होतो. समजलं तर कुणालाच नाही. पण तो बिचारा तीस माना पाहतो आणि समजतो, की या खोलीत गाढव आपण एकटेच. अशा पोरांपैकी दोन-चार दर वर्षी गणित सोडून बँकेच्या परीक्षांना बसताना मी पाहिले आहेत.

यावर उपाय शोधलेली माणसंही आहेत. मॉस्कोला इझराइल गेल्फांद यांनी १९४३ पासून दर सोमवारी संध्याकाळी चालवलेला सेमिनार गणिताच्या जगात गाजलेला आहे. तिथे श्रोत्यांपैकी एकाला, बहुधा विद्यार्थ्यालाच, ‘तपासणीचा श्रोता’ नेमत. वक्त्याला मध्येच थांबवून गेल्फांद त्याला विचारत, ‘समजलं का? मग सांग.’ म्हणजे डोलण्याची सोयच नाही! आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त तेच केलं आहे. ग्रंथ ११५० सालचा. मोर आणि साप, भुंगे आणि कमळं, असली उदाहरणं घालून ते प्रत्येक वेळी समोरच्याला म्हणतात, आता तू सांग. ऐकणाऱ्याने मान हलवून भागत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझीच मान एका बाजूला कलल्यासारखी होईल. गेल्फांदांच्या त्या सेमिनारमध्ये वक्त्यांची सालंही पुष्कळ निघत. आणि प्रश्न विचारणारा प्रत्येक जण सत्यशोधक असतो असं नाही. ‘माझ्या अमुक साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा आपल्या कामाशी काय संबंध?’ हा प्रश्न नव्हे, ही जाहिरात आहे. पोराला खिंडीत गाठून आपली विद्वत्ता दाखवणं हे खोट्या डोलण्याइतकंच खोटं. मी मानांचा अभ्यासक असल्यामुळे एक खूण सांगू शकतो. खरा प्रश्न विचारणारा उत्तर ऐकताना फळ्याकडे बघतो. दुसरा आजूबाजूला बघतो.

खऱ्या प्रश्नाचं सामर्थ्य केवढं असतं, हे साऱ्या जगाने पाहिलं आहे. साडेतीनशे वर्षं अडलेलं फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध केल्याचं अँड्र्यू वाइल्स यांनी २३ जून १९९३ रोजी केंब्रिजच्या व्याख्यानात जाहीर केलं. टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्याआधी प्रिन्स्टनला त्यांनी याच कामातला एक भाग व्याख्यानमालेत मांडला होता. कशासाठी, ते विद्यार्थ्यांना सांगितलेलं नव्हतं. विद्यार्थी एकेक करून गळाले आणि शेवटी निक कॅट्झ हे सहकारी तेवढे श्रोते उरले. तेव्हा त्यांनाही काही वावगं दिसलं नाही. केंब्रिजनंतर हस्तलिखित तपासायला आलं तेव्हा मात्र ते ओळीओळीला विचारत बसले, हे कसं, ते कसं. वाइल्स उत्तरं देत गेले. ऑगस्टमध्ये एका प्रश्नाला उत्तर मिळेना. तिथे खरोखरच भोक होतं. ते बुजवायला रिचर्ड टेलर यांची मदत घेऊन सप्टेंबर १९९४ उजाडला, आणि १९९५ साली सिद्धता छापून आली. आज ते प्रमेय उभं आहे ते वाइल्स यांच्या प्रतिभेवर, यात शंका नाही. पण त्याच्या एका खांबाखाली ‘हे मला कळलं नाही’ एवढा एक दगड आहे.

आता मी मराठीचा माणूस, म्हणून जाता जाता व्याकरणाचा एक मुद्दा मांडतो. आपण ‘मी केलं नाही’ म्हणतो, पण ‘मला समजलं नाही’ म्हणतो. ‘मला भूक लागली नाही’, ‘मला झोप आली नाही’, त्यातलाच हा प्रकार. समजणं ही आपण करायची क्रियाच नव्हे. ते यायचं असतं, आणि ते आलं नाही एवढंच आपण कळवतो. न आलेल्या पाहुण्याबद्दल यजमानाने शरमायचं काय कारण? नंदीबैलाला डोलायला मालकाने शिकवलेलं असतं. तो बिचारा दुसरं काय करणार? आपल्याला बोलता येतं. आणि ‘मला समजलं नाही’ हे म्हणायला आपल्या भाषेने फक्त तीन शब्द ठेवले आहेत, त्यांत आपल्याकडे दोष देणारा एकही नाही.