पाहणाऱ्याचे ऋण

अरण्य पाहावयास गेलेल्या माणसावर त्या अरण्याचे काही ऋण राहते काय? पैसे मोजले, डोळे भरून पाहिले आणि परतलो, एवढ्याने हिशेब पुरा होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. माझीही तीच होती. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात केलेल्या प्रवासाच्या शेवटच्या तीन दिवसांनी ती ढासळली.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील असून त्याचा अर्थ केवळ प्रवास असा आहे. आपली ‘सफर’ आणि तो शब्द एकाच अरबी कुळातील. परंतु प्रवास संपत आला म्हणजे प्रवाशाच्या मनास निराळीच घाई सुटते. सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा आणि बिबळ्या या पाचांस तिकडे ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. हे नाव मूळचे शिकाऱ्यांचे. पायी शिकार करण्यास जे सर्वांत धोक्याचे, ते हे पाच. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण यादी तीच राहिली. आमच्या यादीत बिबळ्या तेवढा उरला होता.

उद्यानाच्या उत्तर टोकाला, लिंपोपो व लुवुवु या नद्यांच्या मध्ये, पाफुरी नावाचा प्रदेश आहे. गोवळकोंड्यास किंवा मांडवगडास जी गोरखचिंच आपण परदेशी पाहुणी म्हणून पाहतो, ती येथे स्वगृही आहे. तेथे एका सायंकाळी दाट झाडीत बिबळ्याची पाठ क्षणभर दिसली. मी वाटाड्यास म्हणालो, “गाडी आत घाला.” तो म्हणाला, “मादी आहे. पिलू जवळ असावे. आपण येथेच थांबू.” मी पुन्हा आग्रह केला. तो हसला, पण गाडी हलली नाही. त्या रात्री, शेवटच्या दिवशी त्याला द्यावयाच्या बक्षिसीचे पाकीट हलके करण्याचा विचार माझ्या मनात आला, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका उघड्या माळावर गाडी थांबविली. पाहण्यासारखे तेथे काहीच नव्हते. “माझ्या आजीचे घर येथे होते,” एवढेच तो बोलला.

इतिहास असा की, 1969 साली तेथील वर्णभेदी राजवटीने सुमारे 3,000 माकुलेके लोकांना या भूमीवरून सक्तीने हलविले आणि ती उद्यानास जोडली. आपली घरे त्यांना आपल्याच हातांनी जाळावी लागली. ज्यास आम्ही निर्मनुष्य अरण्य म्हणून वाखाणीत होतो, ते निर्मनुष्य केलेले होते! ती राजवट 1994 साली गेल्यानंतर या लोकांनी भूमीवर दावा सांगितला, आणि 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर भूमी पुन्हा त्यांच्या मालकीची झाली. तथापि ते तेथे वस्तीस परतले नाहीत. भूमी वन्य प्राण्यांसाठी राखावी आणि प्रवाशांपासून होणारे उत्पन्न व रोजगार आपल्याकडे यावा, असे त्यांनी ठरविले.

कोणी म्हणेल, हा त्याग नव्हे, व्यवहार आहे. मान्य, पण त्यात उणे काय? पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या निर्णयात शुद्ध त्याग शोधावा, हेच मुळी अन्यायाचे. किंबहुना अशा कृतीस आपण घाईने त्याग म्हणतो, ते आपल्या सोयीसाठी. त्याग म्हटला की नमस्कार करून मोकळे होता येते; व्यवहार म्हटला की देणे उरते. आणि ज्या वस्तूची किंमत कोणी आपले घर देऊन भरली, तिचा सौदा आपल्या तिकिटाच्या पैशांत पुरा झाला, असे म्हणवेल काय?

मग असा आनंद घेऊच नये काय? तसे मला वाटत नाही. आम्ही घरी बसलो असतो तर त्या आजीचे घर पुन्हा उभे राहिले नसते. नातवाची भाकरी मात्र गेली असती. आनंद त्याज्य नाही, आनंदावर सांगितलेला हक्क त्याज्य आहे. “मी पैसे दिले, म्हणून मला दिसलेच पाहिजे,” असे मी त्या सायंकाळी मनात म्हणत होतो. “आम्हांस येथे अरण्य हवे, म्हणून तुम्ही उठा,” असे त्या राजवटीने म्हटले होते. दोहोंत अंतर फार मोठे आहे, हे खरे; पण बीज एकच. समोरच्या जिवाची जागा माझ्या इच्छेहून लहान आहे, हीच ती समजूत. वाटाड्याच्या घराण्याने तिचे फळ भोगले होते. त्याने ते बिबळ्याच्या मादीला भोगू दिले नाही.

शेवटच्या सकाळीही बिबळ्या दिसला नाही. पाकिटातून मी काही काढून घेतले नाही, उलट थोडी भर घातली. परंतु त्याने ऋण फिटले असे समजण्याचे धाडस आता होत नाही. परतल्यावर लोक विचारतात, “काय काय पाहिलेत?” मी प्राण्यांची नावे सांगतो, आणि मग त्या माळाविषयी सांगतो, जेथे पाहण्यासारखे काहीच उरले नव्हते.