शरीरभान शिकविणाऱ्याची अमानत

हातकणंगले तालुक्यातील आळते गावी, रामलिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात नवशिके साधक मौन पाळून आधी श्वासाकडे लक्ष देतात. चौथ्या दिवसापासून ते डोक्यापासून पायांपर्यंत मन फिरवितात व जी संवेदना आढळेल ती तटस्थपणे पाहतात. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ही पद्धत ब्रह्मदेशातून भारतात आणली. शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून तिचा पहिला टप्पा, आनापान, शाळांतही पोहोचला. आपल्या मुलांनी असे डोळे मिटून बसावे काय, हा प्रश्न त्यामुळे आपल्या घरांतही येतो.

श्वास पाहण्यात हरकत नाही. श्वास अल्लाहची देणगी आहे. शिबिराचे मात्र वेगळे आहे. त्या काळात सर्व प्रार्थना-उपासना थांबवावी, असा तेथील नियम आहे. तो आधीच स्पष्ट सांगितला जातो, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु पाच वेळची नमाज दहा दिवस बाजूला ठेवण्याचा अधिकार मुसलमानाला नाही. तेथे जाणाऱ्या इतरांची निंदा करण्याचेही कारण नाही.

खरा नैतिक प्रश्न याहून खोल आहे. “आता खांद्यांकडे लक्ष द्या” असे म्हणणाऱ्याच्या हाती ऐकणारा स्वतःला सोपवितो. “आता ऊब जाणवेल” असे त्याने म्हटले, तर नवशिक्याला ती जाणवेलही. पण ती त्याची स्वतःची जाणीव की आज्ञापालन? जागा दाखवावी, अनुभव पुरवू नये, एवढी अमानत शिकविणाऱ्याकडे असते.

बुखारी व मुस्लिम यांतील हदीस सर्वांना ठाऊक आहे. एका माणसाने मशिदीत घाईने नमाज पढली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला तीनदा परत पाठविले. “मला शिकवा” असे त्याने स्वतः म्हटल्यावरच त्यांनी सांगितले: रुकूमध्ये स्थिर होईपर्यंत थांब, सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो. अंतःकरणात काय वाटेल, याविषयी एक शब्दही नाही! ही स्थिरता हनफी फिक्हनुसार वाजिब, तर कोकणातील आपले बांधव ज्यांना मानतात त्या इमाम शाफई यांच्या मते फर्ज आहे.

विपश्यनेत संवेदना पाहायची ती अनित्यता उमगावी म्हणून. आपल्याकडे अवयव साक्षीदार आहेत. कयामतच्या दिवशी हात बोलतील, पाय साक्ष देतील, असे सूरह यासीन (आयत ६५) सांगते. म्हणून हाताचे भान म्हणजे त्या हाताने तराजूत काय केले, याचेही भान.

आमच्या मकतबांत उच्चारांवर फार मेहनत होते, आणि सजदा मात्र कोंबड्याने दाणे टिपावेत तसा उरकला जातो. हदीसनुसार सजदा सात अवयवांवर असतो: नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे. मुलाला सजद्याचा सराव देताना हे सात अवयव एकेक करून शोधायला लावावेत. पायांची बोटे टेकली का, किब्ल्याकडे वळली का, एवढेच विचारावे आणि त्याला तपासू द्यावे. “आता मन शांत झाले असेल ना?” हे मात्र विचारू नये.