खारट वाळू

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा तुकडा पडला. काकू दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत उभ्या होत्या म्हणून वाचल्या. आवाज ऐकून आम्ही वर धावलो, तेव्हा शेगडीवर ताटाएवढा काँक्रीटचा पापुद्रा पडला होता, कुकर चेपला होता आणि छतातल्या सळया उघड्या पडल्या होत्या. सळई म्हणायची, पण बोट लावलं की खारी बिस्किटासारखे पदर सुटत होते.

त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, वाळू कुठली होती?"

हा प्रश्न त्यांनाच विचारायचं कारण आहे. ही बिल्डिंग १९९१ साली बांधली, तेव्हा बाबा तिथे साइट सुपरवायझर होते. कॉन्ट्रॅक्टरकडे पगार थकला आणि शेवटी त्या पैशांत थोडी भर घालून हा वन रूम किचन आमच्या नावावर झाला. माझा जन्म इथलाच.

बाबा थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "खाडीची. नदीची महाग पडायची. धुऊन घ्या असं ठरलं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत धुतली. पुढे टँकरचं पाणी परवडेना." आणि बऱ्याच वेळानं, ताटाकडे बघतच, "मुकादमानं जिभेवर ठेवून बघितली होती. मीपण बघितली. खारट होती गं."

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

लोखंड मुळात खनिजातून, ऑक्सिजनपासून तोडून काढलेलं असतं. संधी मिळाली की ते पुन्हा ऑक्सिजनला जाऊन मिळतं. त्यालाच आपण गंज म्हणतो. काँक्रीटमध्ये मात्र ते सहसा गंजत नाही. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो, आणि इतक्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचा अगदी पातळ, घट्ट थर बसतो. तो टिकला की सळई टिकते. त्याला मोडणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि पीएच उतरवतो. दुसरं म्हणजे मीठ. मिठातला क्लोराइड तो थर जागोजागी भेदतो. मग गंज धरतो आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो. आतून दाब येतो, काँक्रीट तडकतं आणि पापुद्रा सुटतो. वाईट भाग असा, की हे सगळं घडवताना क्लोराइड खर्च होत नाही. आपलं काम करून तो पुन्हा मोकळा होतो, पुढच्या कामाला लागतो. ओल मिळत राहिली की झालं.

म्हणजे त्या दिवशी जिभेवर लागलेलं मीठ तीस वर्षं तिथेच होतं.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. काकूंच्या बरोबर वर, चौथ्या मजल्यावर, एक काका एकटेच राहतात. त्यांच्या मोरीतून गळती होते, म्हणून स्लॅब पडला, असं एकमतानं ठरलं. काका म्हणत राहिले की माझ्याकडे थेंबभर पाणी गळत नाही. कुणी ऐकलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतून मोरी फोडली, लाद्या बदलल्या, वॉटरप्रूफिंग केलं. हातोड्याचा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि मी कानात हेडफोन घालायचे.

त्या महिन्यांत बाबांशी माझे खूप वाद झाले. त्यांची तीन उत्तरं होती.

पहिलं, तेव्हा सगळेच तसं करायचे. हे खरंही आहे. पण सगळ्यांनी केल्यानं मीठ कमी खारट होत नाही.

दुसरं, मी पगारी माणूस, एकोणतीस वर्षांचा. काम सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहिला असता. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नोकरी सोडण्याची हिंमत मी स्वतः कधी दाखवलेली नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त छळत राहिलं. "तीस वर्षं उभी आहे ना? तुझं शिक्षण इथं झालं. कुठली वस्तू कायम टिकते?"

कुठलीच नाही. कायम टिकण्याचं उदाहरण म्हणून आपण दिल्लीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवतो. सुमारे १६०० वर्षं झाली, सात मीटर उंचीचा तो खांब अजून उभा आहे. पण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्यावर संरक्षक थर तयार झाला, आणि दिल्लीची कोरडी हवा त्याला मानवली. तोच खांब आमच्या खाडीकिनारी रोवला असता तर त्याचीही इतकी धडगत नव्हती. टिकणं हा नुसता वस्तूचा गुण नाही, ती कुठे उभी आहे यावरही ते ठरतं.

आणि जे खरोखर टिकतं ते चांगलंच असतं असंही नाही. वेफर्सचं पाकीट आपण पाच मिनिटांत रिकामं करतो. ते पाकीट उन्हानं ठिसूळ होतं, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, पण ते तुकडे आपल्या नातवंडांच्या काळातही कुठल्यातरी गाळात असतील. म्हणजे बाबांच्या प्रश्नाला "जास्त टिकायला हवं होतं" एवढंच उत्तर पुरत नाही.

मग चूक नेमकी कुठे होती? मला वाटतं, वस्तूच्या मरण्यात नाही, ते मरण लपवण्यात.

आजीकडे पितळेची पातेली होती. त्यांना कल्हई असायची. वापरून वापरून कल्हई उडाली की आतून पिवळं पितळ दिसायला लागायचं. तरी कुणी त्यात ताक ठेवलंच तर ते कळकायचं आणि जिभेला लगेच समजायचं. मग कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि पातेलं पुढच्या काही महिन्यांसाठी पुन्हा तयार. पातेल्यानं कधी "मी कायमचा आहे" असा आव आणला नाही. झीज डोळ्यांना दिसायची आणि ती भरून काढण्याची रीत घराला माहीत होती.

चुन्याच्या भिंतीचंही तसंच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, घट्ट होतो. गंमत बघा, जी हवा चुन्याला बळ देते तीच काँक्रीटमधल्या सळईचं कवच काढून घेते. जुनी चुन्याची भिंत बिघडली की पोपडे धरते, भुरभुरते. हात लावला की कळतं.

काँक्रीट मात्र बाहेरून शेवटपर्यंत ठणठणीत दिसतं. म्हणून ते बांधणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते, कारण आत काय आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. घर घेणारा वाळू चाखून बघू शकत नाही. ज्यानं चाखली त्यानं एकतर ती वापरू नये, किंवा निदान सांगावं: ही इमारत साठ वर्षांची नाही, तीस वर्षांची आहे, दर पाच वर्षांनी तपासा, गच्चीला ओल येऊ देऊ नका. हे माहीत असतं तर लोकांनी बेत वेगळे केले असते. काकूंनी वीस वर्षांपूर्वीच प्लास्टर काढून बघितलं असतं. बाबांनी लोकांकडून तीस वर्षं नाही घेतली, पण तयारी करायची संधी घेतली.

हे सगळं मी बाबांना सुनावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आणि तू? तुला जूनपासून माहीत आहे."

डिसेंबरमध्ये स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इंजिनिअरनं हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा खडूनं आखल्या, ड्रिलनं वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड मोजला. बाहेरून आलेलं मीठ पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी असतं. इथे आत-बाहेर जवळजवळ सारखंच होतं, कोरड्या कॉलममध्येसुद्धा. आणि दुसऱ्या मजल्याच्या वर आकडे एकदम चढत होते. बाबांनी जेवताना जे सांगितलं होतं, तेच तक्त्यात छापून आलं होतं. आमची इमारत 'सी-२ बी' ठरली, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. अहवाल सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर गेला आणि तो कुणाला समजला नाही. काकांच्या मोरीवरचा आरोप तसाच राहिला.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून अहवाल समजावून सांगायला लागले. मीठ पहिल्यापासून मालातच होतं, गळतीचा संबंध नाही, इथपर्यंत आले आणि थांबले. तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले. "वाळू मी उतरवून घेतली होती. खारट आहे हे मला माहीत होतं." एवढंच बोलून बसले.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. झाला नाही. कुणीतरी विचारलं, कॉन्ट्रॅक्टर जिवंत आहे का. नाही. मग खजिनदार प्रत्येक फ्लॅटला किती रक्कम येईल ते वाचू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाबांकडे एकदा बघून पुन्हा आपल्या कागदात बघायला लागल्या.

मीटिंग संपल्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "तुझ्या बाबांचं मी समजू शकतो," ते म्हणाले. "त्यांची नोकरी होती. पण तुझं काय अडलं होतं गं? मोरी फोडायच्या आधी एकदा सांगितलं असतंस तर?"

मी काहीच बोलले नाही. माझ्याकडे बाबांच्या तीन उत्तरांतलं एकही नव्हतं. मला कुणी कामावरून काढणार नव्हतं. फक्त शेजारपाजाऱ्यांसमोर बाबांची मान खाली जाऊ नये, एवढंच.

मोरीचा अर्धा खर्च आम्ही देतो असं मी दुसऱ्या दिवशी सांगून आले. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या तिसऱ्या मजल्यावर काम चालू आहे. सैल काँक्रीट काढतात, सळया तारेच्या ब्रशनं घासून गंज उतरवतात, गंजरोधक लावतात, वरून पॉलिमरचा माल भरतात. इंजिनिअर म्हणाले, मीठ पूर्ण निघत नाही, काही वर्षांनी पुन्हा तपासावं लागेल. ती तारीख त्यांनी लिहून द्यावी आणि जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावावी, असं बाबांनी सुचवलंय. तारखेखाली कारणही लिहायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.