गवताविना विटा
शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय 5



ह्या अध्यायात मोशे व अहरोन फारोपुढे उभे राहून, आपल्या लोकांस रानात तीन दिवसांच्या वाटेवर यज्ञ करावयास जाऊ द्यावे, अशी विनंती करितात. राजा त्यांचे गाऱ्हाणे ऐकत नाही. उलट लोक आळशी आहेत व हे दोघे त्यांस कामावरून उठवितात, असा दोष ठेवितो. विटा पूर्वीइतक्याच, परंतु गवत ज्याचे त्याने शोधावे, असा हुकूम सुटतो.

हे केवळ मिसर देशाचे जुने वृत्त नव्हे. सन 2020 च्या महामारीत, 17 एप्रिल रोजी, गुजरात सरकारने असाच एक हुकूम काढिला. त्या वेळच्या कारखाना कायद्याप्रमाणे दिवसास 9 व आठवड्यास 48 तास काम, आणि जादा कामास दुप्पट मजुरी, असा नियम होता. हुकुमाने दिवसास 12 व आठवड्यास 72 तास काम घेण्याची मोकळीक मालकांस दिली, आणि जादा तासांस साधीच मजुरी ठरविली. ह्यासाठी आधार घेतला तो युद्ध, परचक्र वा अंतर्गत अशांतता ह्यांकरिता राखून ठेविलेल्या कलमाचा. गुजरात मजदूर सभेने दुसऱ्या एका संघटनेसह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला न्यायालयाने तो हुकूम रद्द करून जादा तासांची मजुरी कायद्याप्रमाणे देण्यास फर्माविले.

बंधूंनो, एकटा मजूर दिल्लीपर्यंत पोहोचला असता काय? मुंबईच्या गिरणीकामगारांस 1890 साली रविवारची सुटी मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या संघाच्या खटपटीने.

येथे आम्हांस आपली चूक कबूल केली पाहिजे. मंडळीतील एका तरुणाने आम्हांस विचारिले होते, "पाळकसाहेब, युनियनची वर्गणी भरणे पाप आहे काय?" आम्ही रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून त्यास गप्प बसविले. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, हे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातले शिक्षण आम्ही त्यास सांगितले नाही. अधिकाऱ्याचा मान राखावा हे खरे. पण मोशे फारोपुढे गेला तो शस्त्र घेऊन नव्हे, गाऱ्हाणे घेऊन. ह्या संघटनाही न्यायासनापुढे तशाच गेल्या.

म्हणून उपदेशक बंधूंनो, कारखान्यात जाणाऱ्या आपल्या मुलांस कामाचे तास व मजुरी वहीत टिपून ठेवण्यास शिकवा. संघात जाणाऱ्यास बंडखोर म्हणू नका. आणि ज्याच्या शेतावर आज मजूर राबला असेल, त्याने त्याची मजुरी आज सायंकाळीच द्यावी. नाहीतर फारोचा दोष आपल्याच दारी येईल.

प्रभू आपणां सर्वांस न्यायाने चालण्याची बुद्धी देवो. आमेन.