मुक्ती सर्वांना, खोली कोणाला?

मणिकर्णिका घाटावर चिता रात्रंदिवस जळत असतात. काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारकमंत्र सांगतो आणि तो जीव सुटतो, ही इथली श्रद्धा. स्कंदपुराणातल्या काशीखंडाने या सुटकेतून कोणालाही वगळलेले नाही. पंडित असो, अंत्यज असो, किडामुंगी असो, काशीत देह पडला की पुरे. गाव कोणते, जात कोणती, गाठीशी पुण्य किती, याची विचारपूस नाही.

मरण येईपर्यंत राहायचे कुठे, या प्रश्नाला मात्र काशीने इतके मोकळे उत्तर कधी दिले नाही. बहुतेक अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती, त्यांतही काही ठरावीक प्रांतातल्यांसाठी. धर्मशाळा ज्या त्या समाजाच्या. मुक्तीला पात्रतेची अट नाही आणि पथारी पसरायला मात्र आहे, ही विसंगती या शहरात शतकानुशतके नांदते आहे.

आज तीच विसंगती लंडनला किंवा मँचेस्टरला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांपुढे वेगळ्या रूपात उभी राहते. घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते का? बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला ती मिळते का? प्रश्न कायद्याचा दिसतो, पण त्याच्या तळाशी धर्माचा प्रश्न आहे. शिकायला आलेल्या परक्याला छप्पर देणे हे कोणाचे कर्तव्य? आणि ते कर्तव्य त्याच्या जोडीदारापर्यंत पोचते की उंबरठ्यावरच संपते?

या प्रश्नाचा एक मराठी धागा थेट मणिकर्णिकेला बांधलेला आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला काशीत पूर्ण केली. समाप्तीच्या ओव्यांत त्यांनी जागाही नोंदवून ठेवली आहे: मणिकर्णिकेच्या तीरावरचे पंचमुद्रा पीठ. सुरुवातीचे पाच अध्याय काशीत पोचले आणि भागवत मराठीत आणल्याबद्दल तिथले विद्वान बिथरले, असे परंपरा सांगते. अशा शहरात एका परप्रांतीय लेखकाला ग्रंथ पुरा होईपर्यंत निवारा मिळाला. एकनाथ ब्रह्मचारी नव्हते आणि संन्यासीही नव्हते, ते संसारी गृहस्थ होते. त्यांच्या चरित्रकथांमध्ये पत्नी गिरिजाबाई दिसतात त्या पैठणच्या वाड्यात, आल्यागेल्याला जेवू घालताना. काशीतला निवारा एकट्या पुरुषासाठी होता.

तीन शतकांनंतरही चित्र फारसे बदलले नव्हते. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली. काशीत ते गंगाधरशास्त्री तेलंग यांच्याकडे संस्कृत शिकले आणि पोट भरले ते अन्नछत्रात. १९१६ साली विनोबा काशीला आले. तेही दुपारी अन्नछत्रात जेवत आणि तिथे मिळालेल्या दोन पैशांच्या दक्षिणेत संध्याकाळचे दही आणि रताळी आणत. विनोबा ब्रह्मचारी असल्याने त्यांना ही व्यवस्था मानवली. कोसंबींच्या शिक्षणाची किंमत मात्र गोव्यात बाळाबाईंनीही मोजली. अन्नछत्राच्या हिशेबात ती कुठेच आली नाही.

याचे कारण आश्रमव्यवस्थेत आहे. विद्यार्थी म्हणजे ब्रह्मचारी, आणि ब्रह्मचारी म्हणजे अविवाहित. त्याचा आणि संन्याशाचा गृहस्थाच्या शिजलेल्या अन्नावर हक्क आहे, असे स्मृतिकार सांगतात. माधुकरी मागणारा मुलगा भिकारी नव्हता, त्याला विन्मुख पाठवणारा गृहस्थ दोषी ठरे. समाजाने विद्यार्थ्याचा भार उचलावा ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण लग्न केलेला विद्यार्थी या चौकटीत बसत नाही. तो अतिथीही नव्हे, कारण मनुस्मृतीतला अतिथी एका रात्रीचा पाहुणा असतो आणि पदवीला वर्षे लागतात. विद्यार्थी, गृहस्थ आणि पाहुणा या तिन्ही नात्यांच्या मधल्या फटीत तो सापडतो.

आधुनिक राज्यांनी आश्रम मानले नाहीत, पण विद्यार्थी एकटाच असतो हे गृहीत मात्र कायम ठेवले. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला सार्वजनिक निधीतून मदत घेता येत नाही. घरभाडे भत्ता, युनिव्हर्सल क्रेडिट, बेघरांसाठीचे कौन्सिलचे घर, सारे त्यात आले. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर तो स्वतःच्या हक्काची मदत मागू शकतो, पण विद्यार्थ्यापायी ती वाढली तर अट मोडते. म्हणजे दोघे एका छपराखाली राहतात आणि कायदा हिशेब एकाचाच धरतो. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना तर जोडीदाराला सोबत आणण्याची मुभा संशोधन करणाऱ्यांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्यांनाच उरली आहे. नेदरलँड्सचा हिशेब निराळा. तिथे वैध परवान्यावर राहणारा परदेशी विद्यार्थीही भाडेभत्ता मागू शकतो, मात्र घराला स्वतःचे दार, स्वयंपाकघर आणि शौचालय हवे, शिवाय वय, उत्पन्न आणि भाड्याच्या अटी आहेत. जोडीदाराचे वास्तव्यही वैध असावे लागते. तिथे निदान घर आणि त्यात राहणारी माणसे हिशेबात येतात.

ब्रिटनच्या नियमामागचा युक्तिवाद पोकळ नाही. तिजोरी करदात्यांची आहे, विद्यार्थी स्वतःच्या इच्छेने आला आहे, आणि खर्च झेपेल असा पुरावा देऊनच त्याने व्हिसा घेतला आहे. शिवाय मदतीचे दार उघडले की शिक्षणाच्या नावाखाली भलतेच लोक येतील, ही भीतीही असते. पण हाच विद्यार्थी सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास काम करू शकतो आणि उत्पन्न मर्यादेबाहेर गेले की इतरांसारखाच करही भरतो. पुरावा दिला तेव्हाचे भाडे आणि दोन वर्षांनंतरचे भाडे यांत फरक पडतो. आजारपण आणि बाळंतपण पुराव्याच्या कागदात मावत नाही.

भीतीच्या मुद्द्यावर काशीच्या परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे. काशीत मेला की मुक्त, असे म्हटले तर इथेच राहून पाप करणाऱ्याचे काय? शास्त्रकारांनी उत्तर दिले ते भैरवी यातनेचे. काशीत पाप करणाऱ्याला कालभैरव थोड्या काळात तीव्र यातना भोगायला लावतो, पण मुक्ती नाकारत नाही. पापाचा हिशेब वेगळ्या ठिकाणी चुकता होतो, हक्क शाबूत राहतो. लबाडांच्या भीतीने सगळ्यांना दार बंद करण्यापेक्षा हा विचार कितीतरी न्याय्य आहे. खोटी कागदपत्रे देणाऱ्यावर कारवाई व्हावी, त्यापायी प्रामाणिक विद्यार्थ्याचा निवारा जाऊ नये.

परगावच्या विद्यार्थ्याला छप्पर देणारा एक नियम महाराष्ट्रातही आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले, त्यांतले २०,००० निवासासाठी. इथे विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा लागतो. परगावचा असणे हीच त्याची पात्रता. शिकण्यासाठी घर सोडावे लागले म्हणून समाज छप्पर देतो, हे तत्त्व योजनेने मान्य केले. पण ते राज्याच्या सीमेशी थांबते आणि रक्कमही एकट्या विद्यार्थ्याचीच धरते.

जोडीदाराला धरून चालणारी व्यवस्था पाहायची तर पुन्हा काशीतच यावे लागते. दालमिया ट्रस्टने १९५८ साली सुरू केलेल्या काशी लाभ मुक्तिभवनात मरणासन्न माणसाला खोली मिळते. खोल्या थोड्या आहेत, मुदत साधारण दोन आठवड्यांची आहे. तिथे येणारा एकटा येत नाही. शुश्रूषा आणि स्वयंपाक करायला घरचे माणूस सोबत असावेच लागते. नियम तिथेही कडक आहेत, पण ते गरजेवरून आणि जागेच्या मर्यादेवरून ठरलेले आहेत. माणूस त्याच्या माणसांसकट मोजला जातो. मरणाच्या दारात जे उमगते ते शिक्षणाच्या दारात का उमगू नये?

परदेशात शिकणाऱ्या विवाहित मराठी विद्यार्थ्यांच्या इतिहासात आनंदीबाई जोशींचे नाव अगदी सुरुवातीला येते. १८८३ साली एकोणीस वर्षांचीही न झालेली ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल इथल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी तिला आपल्या घरी नेले. रक्ताचे नाते नव्हते, धर्म वेगळा होता, फक्त पत्रव्यवहार होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे पती गोपाळरावही अमेरिकेत पोचले. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंनी पोकीप्सीच्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली. जिने जिवंतपणी खोली दिली तिनेच मृत्यूनंतरही जागा दिली.

सरकारकडून मावशीपणाची अपेक्षा धरता येत नाही. पण विद्यार्थी किती काळ राहणार, घरात माणसे किती आणि अडचण कसली, एवढे तरी कोणताही पात्रतेचा अर्ज विचारू शकतो. हे मागणे फक्त परदेशाकडे करून भागणार नाही. आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून पुण्यात विद्यार्थी येतात, आणि भाड्याच्या घरासाठी दारोदार फिरताना त्यांतल्या अनेकांना नकार पचवावा लागतो. भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीत घरभाड्याचा भत्ता आहे, तोही विद्यार्थ्यापुरता. विद्यापीठांनी विवाहित परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखून ठेवणे आणि सोसायट्यांनी राष्ट्रीयत्व पाहून घर नाकारणे थांबवणे, ही दोन्ही कामे आपल्या हातातली आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही परक्या संसदेची परवानगी लागत नाही.