वडील काम बदलतात तेव्हा



कठोपनिषदातील नचिकेता आपल्याला मृत्यूचे रहस्य विचारणारा बालक म्हणून परिचित आहे. पण यमाने तीन वर दिले तेव्हा त्याने आत्मज्ञान आधी मागितले नाही. पहिला वर वडिलांसाठी होता. त्यांचे मन शांत व्हावे, राग जावा आणि आपण परत गेल्यावर त्यांनी ओळखून प्रेमाने बोलावे. ज्यांनी संतापाच्या भरात त्याला मृत्यूला देऊन टाकले, त्याच वडिलांसाठी!

हा क्रम मला हल्ली वारंवार आठवतो. माझ्या बाबांनी ४९व्या वर्षी हिशेबाची नोकरी सोडली आणि इंदूरमध्ये भाजणी, मेतकूट, उपवासाची पिठे करून विकायला सुरुवात केली. हे वय अवघड. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षे सेवा झालेल्यालाही पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी मिळते, घटवलेले हवे तरी ५० पूर्ण व्हावे लागतात. मुलांची शिक्षणे मात्र याच काळात असतात. त्यात नातेवाईक विचारतात, "मुलीच्या बायोडेटात आता वडिलांचं काय लिहायचं?"

सुरुवातीचे काही आठवडे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून गिरणीपाशी बसत. दुपारपर्यंत शर्ट पिठाने पांढरा होई. आई काही बोलत नसे, मीही नाही. घरात सगळेच एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यातच अबोला वाढत होता.

येथे नचिकेत्याकडे पुन्हा पाहावे. दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई दानात जाताना पाहून तो गप्प बसला नाही. त्याने वडिलांना प्रश्न विचारला, आणि उपनिषद सांगते की त्या क्षणी त्याच्यात श्रद्धा शिरली होती. म्हणजे वडिलांना अवघड प्रश्न विचारणे हा श्रद्धेचाच भाग असू शकतो. नुसते "सगळं छान होईल" म्हणण्यापेक्षा कठीण, पण प्रेमाचाच.

एका रात्री मी विचारले, "बाबा, घरखर्चाला किती महिन्यांचे पैसे आहेत?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग डायरी आणून म्हणाले, "सात. तुझी फी धरून."

"मग उद्यापासून दुकानाची वही मी लिहिते. तुम्ही गिरणी बघा."

"लिही," म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप लागली, असे आईने सांगितले.

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षात एक तत्त्व शिकवतात: धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने घातलेले भांडवल धंद्याच्या पुस्तकात देणे म्हणून लिहिले जाते. परीक्षेपुरते आम्ही ते पाठ करतो. पण साधनेतही आपण हेच शिकत असतो ना? पद, पगार, दुकान ही सगळी धारण केलेली रूपे. धारण करणारा निराळा. माणूस पन्नाशीजवळ एक रूप उतरवतो तेव्हा त्याला स्वतःलाच हा फरक दिसेनासा होतो. मुलीला तो दिसू शकतो, कारण तिचे नाते मुळातच पदाशी जोडलेले नसते. लहानपणी तिने कुठे बाबांचा हुद्दा पाहिला होता?

महाभारतातली सावित्री वटपौर्णिमेला दरवर्षी ऐकतो. राजकन्या असूनही राज्य व दृष्टी गमावून वनात राहणाऱ्या द्युमत्सेनाच्या घरी ती आली आणि दागिने उतरवून तिने वल्कले नेसली. सासऱ्यांना त्यांच्या उतरत्या दिवसांची आठवण होईल असे काही तिने अंगावर ठेवले नाही, असे मला वाटते. पुढे यमाकडे तिने पहिल्या दोन वरांत सासऱ्यांची दृष्टी व राज्य मागितले, तिसऱ्यात आपल्या वडिलांसाठी शंभर पुत्र. सत्यवानाचे प्राण त्यानंतर. कथा सांगताना आपण हे वर घाईने ओलांडतो.

आमच्याकडे आता रविवारी जेवणानंतर वही उघडते. मी विक्री वाचते, आई डाळींचे भाव सांगते, बाबा उधारीची नावे सांगतात. मग वही मिटून दोन मिनिटे तिघेही शांत बसतो. ज्या साधकांच्या घरी असा बदल चालू आहे त्यांनी हे करून पाहावे. विक्री कमी झालेल्या रविवारीही वही उघडावी, आणि आकडा वाचताना वडिलांकडे पाहून वाचावा.