किल्ली शेजारी

माणूस गावाला निघाला की त्याच्या हातून एक विधी हमखास घडतो. कुलूप लावायचं, ओढून पाहायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या आणि पुन्हा ओढून पाहायचं. देवाला एकदा घाईघाईने हात जोडणारा गृहस्थ कुलपाला मात्र तीनदा हात लावतो. गॅसचा रेग्युलेटर, मोरीचा नळ आणि मागची खिडकी यांची उजळणी रिक्षात होते ती वेगळीच. पण गंमत अशी, की ही सगळी जय्यत तयारी करण्याआधी याच गृहस्थाने त्याच कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात ठेवलेली असते. वर सांगितलेलं असतं, "काकू, तेवढं लक्ष असू द्या हं!"

आता याला काय म्हणावं? कुलपावर विश्वास असेल तर काकू कशाला? आणि काकूंवर विश्वास असेल तर सात लिव्हरचं कुलूप कशाला?

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. शनिशिंगणापूरला घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, हे आपण सगळे जाणतो. तिथे २०११ साली युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा तिचा केवढा गवगवा झाला! पण रोकड ठेवायला आत भक्कम खोली होतीच. शनिदेवावरची श्रद्धा वेगळी आणि कॅश बॅलन्स वेगळा, हे बँकवाल्याला शिकवावं लागत नाही.

आमच्या धंद्यात तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोघांकडे. एकट्याने उघडायची म्हटली तर उघडत नाही. लॉकरचंही तेच, एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची. नव्याने लागलेल्या पोराला वाटतं, साहेबांचा आपल्यावर भरवसा नाही. चार वर्षं घासल्यावर त्याला उमगतं, की ही दुसरी किल्ली चोरासाठी नसून त्याच्याचसाठी आहे. उद्या शंभर रुपये कमी भरले तर सगळी बोटं एकट्याकडे वळू नयेत म्हणून!

काकूंना ही सोय नाही. त्यांच्याकडे जोडीदार नाही, रजिस्टर नाही, व्हाउचर नाही. बी.कॉम.ला आम्ही १८७२ चा भारतीय करार कायदा घोकला होता. त्यातलं १५१ वं कलम सांगतं, की दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू, सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल तितकी जपावी. काकूंनी हे कलम वाचलेलं नाही. म्हणून त्या आमच्या तुळशीला स्वतःच्या तुळशीपेक्षा तांब्याभर पाणी जास्तच घालतात. चुकून पडलेला पेपर उचलतात. संध्याकाळी दिवा लावून रात्री तो मालवतात. मोबदला काय? लोणावळ्याची पाव किलो चिक्की, तीही त्यांचे दात हलत असताना.

हल्ली लोक म्हणतात, कॅमेरा बसवा, मोबाईलवर घर दिसतं. दिसतं ना! चोर कपाट फोडतोय हे महाबळेश्वरला बसून अगदी स्वच्छ दिसतं. पण कॅमेरा जिन्यात उभं राहून "कोण पाहिजे?" असं विचारत नाही. या दोन शब्दांइतकं मजबूत कुलूप अजून अलिगढलाही तयार झालेलं नाही. वर्षाचे अकरा महिने ज्या चौकसपणाला आपण नाकं मुरडतो, तोच बाराव्या महिन्यात आपली राखण करतो.

खरी परीक्षा परतल्यावर असते. कपाटातल्या कागदाखाली ठेवलेली पाचशेची नोट सापडत नाही. घरात कुणी काही बोलत नाही. नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे, आणि मग दोघंही एकदम शेजारच्या भिंतीकडे बघतात. बस्स, तेवढंच. चौथ्या दिवशी नोट पँटच्या चोरखिशात निघते. पण मधले तीन दिवस काकू मनातल्या मनात चोर ठरलेल्या असतात, आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. गृहस्थाने घराची जोखीम घेतली होती, काकूंनी आपल्या नावाची. कोणती मोठी, हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट नको.

म्हणून मला वाटतं, की कुलूप आणि काकू यांचं भांडण मुळात नाहीच. दागिने लॉकरमध्ये ठेवून, रोकड बँकेत भरून आणि मगच किल्ली शेजारी द्यावी. काकूंवर अविश्वास म्हणून नव्हे, तर तो दाखवायची पाळी आपल्यावर कधी येऊ नये म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकर फोडून चोरी झाली तर वार्षिक भाड्याच्या १०० पट जबाबदारी बँकेवर येते. काकूंच्या नावाला ओरखडा गेला तर भरपाई कुठल्या काउंटरवर मिळते?

तेव्हा घर रिकामं करून जा असं मी म्हणत नाही. संशयाला जागा उरणार नाही इतपत मात्र आवरून जावं. आणि परत आल्यावर चिक्की आधी द्यावी, कपाट मग उघडावं.